ज्ञात धोका, लांबलेला उपाय : सोयाबीनवरील पुटी-सूत्रकृमींच्या नियंत्रणाचा इतिहास

प्रस्तावना

कृषी-इतिहासाच्या लेखनात दुष्काळ, महापूर आणि टोळधाड यांना जेवढे स्थान मिळाले आहे, तेवढे जमिनीखाली चालणाऱ्या नासाडीला मिळालेले नाही. टोळधाड आली की आकाश काळवंडते, गाव जागे होते, सरकारदरबारी तिची नोंद होते. सूत्रकृमींचा उपद्रव असा गाजावाजा करून येत नाही. पीक वरकरणी हिरवे दिसते, क्वचित शेतात मध्येच एखादा पिवळसर पट्टा उमटतो आणि मळणीच्या वेळी उतारा घटलेला आढळतो. शेतकरी पावसाला, खताला किंवा बियाण्याला दोष देतो; जमिनीचा कस गेला असे म्हणून पुढच्या हंगामाच्या तयारीला लागतो.

प्रस्तुत लेखात हेटेरोडेरा ग्लायसिन्स या शास्त्रीय नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सोयाबीनवरील पुटी-सूत्रकृमीच्या नियंत्रणाचा मागोवा घेतला आहे. या कृमीची पहिली शास्त्रीय नोंद जपानमधील आहे. परंतु त्याच्याशी झालेल्या झगड्याचे सर्वांत सविस्तर दस्तऐवज अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उपलब्ध असल्याने विवेचनाचा भर तेथील घटनांवर आहे. शास्त्राला धोका उशिरा कळतो आणि तोवर नुकसान होऊन गेलेले असते, अशी एक सर्वसाधारण समजूत आढळते. या प्रकरणातील कालक्रम तपासला असता चित्र वेगळे दिसते. रासायनिक धुरी आणि प्रतिकारक्षम वाण या दोन्ही मार्गांवर जे अपयश आले, त्याचा इशारा त्याआधी कित्येक वर्षे शास्त्रीय नियतकालिकांत छापून आलेला होता. म्हणून 'धोका केव्हा कळला' यापेक्षा 'कळूनही व्यवहार का बदलला नाही' हा प्रश्न येथे अधिक महत्त्वाचा मानला आहे.

कृमीचे स्वरूप

इतिहास समजण्यापुरती जीवशास्त्राची ओळख आवश्यक आहे. अंड्यातून बाहेर पडलेली सूक्ष्म अळी सोयाबीनच्या कोवळ्या मुळात शिरते आणि तेथील पेशींना आपल्या पोषणासाठी राबवते. त्या पेशी एकमेकींत मिसळून मोठ्या होतात आणि झाडाचा अन्नरस कृमीकडे वळवतात. मादी तेथेच स्थिर होऊन फुगते व लिंबाच्या आकाराचे तिचे शरीर मुळाबाहेर डोकावू लागते. आरंभी ते पांढरे, मग पिवळे आणि मादी मेल्यावर तपकिरी होते. हे मृत, कठीण झालेले शरीर म्हणजेच पुटी. टाचणीच्या डोक्याहूनही लहान अशा या कुपीत शेकडो अंडी सुरक्षित राहतात आणि त्यांतील काही अनेक वर्षांनंतरही जिवंत निघतात. उन्हाळी हवामानात एक पिढी सुमारे चार आठवड्यांत पूर्ण होत असल्याने एकाच हंगामात अनेक पिढ्या निपजतात.

आणखी एक बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने कळीची आहे. मुळांवर गाठी आणणाऱ्या मेलॉइडोगायनी गटातील अनेक सूत्रकृमींच्या माद्या नराविना प्रजनन करतात. पुटी-सूत्रकृमीला मात्र नर-मादीचा संयोग अनिवार्य आहे. परिणामी त्याच्या प्रत्येक पिढीत गुणांची नव्याने सरमिसळ होते. एकाच शेतातील कृमी एकसारखे नसतात. कोणतेही एकच हत्यार वापरले, तर त्यातून निभावून जाणारे थोडे कृमी त्या गर्दीत बहुधा आधीपासूनच असतात.

आजारी माती

पुटी-सूत्रकृमींशी शेतीचा पहिला शास्त्रीय सामना सोयाबीनवर झाला नाही. तो जर्मनीतील साखरबीटवर झाला. तेथे बीटचे पीक वर्षानुवर्षे त्याच जमिनीत घेतल्याने उत्पादन ढासळू लागले आणि शेतकरी जमीन थकली असे म्हणू लागले. १८५९ मध्ये हर्मान शाख्त या वनस्पतिशास्त्रज्ञाने बीटच्या मुळांवरील पुटी पाहिल्या. १८७१ मध्ये त्या कृमीला त्याच्याच नावावरून हेटेरोडेरा शाख्ती हे नाव मिळाले. हाले येथील युलियस क्यून याने कार्बन डायसल्फाइडची धुरी जमिनीत देऊन पाहिली. ती परवडणारी नव्हती. मग त्याने सापळा पिकाची युक्ती योजली : कृमीला आवडणारे पीक पेरायचे, अळ्या मुळांत शिरल्या की पुटी तयार होण्याआधी ते उपटून नष्ट करायचे. धुरी, फेरपालट आणि सापळा या तिन्ही कल्पना एकोणिसाव्या शतकातच मांडल्या गेल्या होत्या, हे लक्षात ठेवणे उपयुक्त ठरेल.

जपानमध्ये फुकुशिमा प्रांतातील शिराकावा परिसरात सोयाबीनचे पीक पिवळे पडून खुरटत असे. १९१५ मध्ये एस. होरी यांनी त्या 'आजारी माती'चे कारण सूत्रकृमी असल्याची नोंद प्रसिद्ध केली. बरीच वर्षे हा कृमी बीटवरील कृमीचाच एक प्रकार समजला जात होता. मिनोरु इचिनोहे यांनी १९५२ मध्ये त्याचे स्वतंत्र प्रजाती म्हणून वर्णन केले. जर्मन शेतकऱ्याची थकलेली जमीन आणि जपानी शास्त्रज्ञाची आजारी माती या दोन शब्दप्रयोगांतील साम्य बोलके आहे. दोन्हीकडे दोष प्रथम जमिनीलाच दिला गेला.

विल्मिंग्टन, १९५४

इचिनोहे यांच्या वर्णनानंतर दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, हा कृमी उत्तर कॅरोलायना राज्यातील विल्मिंग्टन शहराजवळ न्यू हॅनोव्हर परगण्यात सापडला. विन्स्टेड, स्कॉटलंड व सॅसर यांनी १९५५ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. तो परिसर फुलांच्या कंदांच्या लागवडीसाठी प्रसिद्ध होता आणि तेथे जपानहून कंद येत असत. कंदांना चिकटलेल्या मातीतून कृमी आला असावा, असे अनुमान तेव्हा काढण्यात आले. पुढे दुसरा एक तर्क मांडला गेला आणि प्रस्तुत लेखकास तो अधिक विचारणीय वाटतो. सोयाबीनच्या मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या गाठी येण्यासाठी विशिष्ट जिवाणू लागतात. अमेरिकेच्या जमिनीत ते नव्हते. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभाच्या आसपास आशियातील सोयाबीनच्या शेतांतील माती आणून शेतात मिसळण्याचे प्रयोग झाले होते. ज्या मातीतून उपकारक जिवाणू आले, त्याच मातीतून पुटीही आल्या असणे शक्य आहे. तसे असेल, तर १९५४ हे कृमीच्या आगमनाचे वर्ष नसून केवळ ओळख पटल्याचे वर्ष ठरते.

या तर्काला पुढील घटनांनी अप्रत्यक्ष बळ दिले. १९५६ ते १९५९ या अल्पावधीत टेनेसी, मिसूरी, आर्कान्सा, केंटकी, मिसिसिपी, व्हर्जिनिया आणि इलिनॉय या एकमेकांपासून दूर असलेल्या राज्यांत कृमी आढळला. एका परगण्यातून एवढ्या वेगाने फैलाव होणे कठीणच. तथापि शासनाने कृमी नुकताच आला आहे असे गृहीत धरून १९५७ मध्ये संघराज्य पातळीवर विलगीकरणाचा आदेश काढला. बाधित क्षेत्रातून माती, मुळे, कंद आणि न धुतलेली यंत्रे बाहेर नेण्यावर निर्बंध आले.

टेनेसीतील जॅक्सन येथे काम करणारे जेम्स एप्स यांचे संशोधन या आदेशाच्या मर्यादा दाखवणारे होते. बियाण्यात मिसळलेल्या मातीच्या बारीक खड्यांतून कृमी प्रवास करतो, हे त्यांनी तपासले. १९७१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार शेतात उतरणाऱ्या काळ्या पक्ष्यांच्या पचनमार्गातूनही जिवंत पुटी मिळाल्या. पक्ष्यांना परवाना कोण विचारणार? १९७२ मध्ये विलगीकरणाचा आदेश मागे घेण्यात आला. त्याला सर्वस्वी व्यर्थ म्हणता येणार नाही; त्या पंधरा वर्षांत तपासणीच्या निमित्ताने बरीच शेते खणली गेली आणि फैलावाचा नकाशा तयार झाला.

पेकिंगचे काळे बियाणे

विलगीकरण चालू असतानाच प्रतिकारक्षम वाणाचा शोध सुरू झाला होता. जे. पी. रॉस आणि सी. ए. ब्रिम यांनी उत्तर कॅरोलायनात जगभरातून आणलेले हजारो सोयाबीन नमुने बाधित जमिनीत पेरून पाहिले आणि १९५७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मूठभरच नमुन्यांच्या मुळांवर माद्या वाढल्या नाहीत. त्यांत 'पेकिंग' हा वाण होता.

या वाणाची कथा थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. अमेरिकी कृषी खात्यासाठी वनस्पतींचे नमुने गोळा करणाऱ्या फ्रँक मायर याच्या चीनमधील भ्रमंतीच्या काळात, १९०६ मध्ये, पेकिंगहून आलेल्या बियाण्यातून हा वाण निवडला गेला. बी लहान आणि काळे. तेलासाठी वा दाण्यासाठी त्याचे महत्त्व नव्हते. तो वैरणीचा वाण म्हणून ओळखला जात असे. होरींची नोंद प्रसिद्ध होण्याच्याही नऊ वर्षे आधी आलेल्या या बियाण्यात ज्या कृमीचे उत्तर दडले होते, तो कृमी तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हता. असेच पुढे १९२९ ते १९३१ या काळात डॉर्सेट आणि मॉर्स यांनी जपान, कोरिया व ईशान्य चीनमधून सोयाबीनचे काही हजार नमुने गोळा केले. त्यांतील मोठा भाग जतनाची व्यवस्था नसल्याने कायमचा गमावला गेला. सोयाबीनचा राष्ट्रीय संग्रह रीतसर सुरू झाला तो १९४९ मध्ये. ईशान्य चीनमधून १९३० च्या सुमारास आलेला 'पीआय ८८७८८' हा नमुना शिल्लक राहिला. पुढील अर्धशतकाचा इतिहास याच क्रमांकाभोवती फिरतो.

पेकिंगमधील प्रतिकार लागवडीच्या वाणात आणणे सोपे नव्हते. कॉल्डवेल, ब्रिम व रॉस यांनी १९६० मध्ये दाखवले की या गुणामागे तीन अप्रभावी जनुके आहेत. मॅटसन व विल्यम्स यांनी १९६५ मध्ये चौथे, प्रभावी जनुक शोधले, आणि ते बियाण्याच्या रंगाशी निगडित जनुकाच्या अगदी शेजारी असल्याचे आढळले. म्हणजे प्रतिकार घ्यावा तर काळा रंग सोबत येतो आणि तेलगिरण्यांच्या बाजारपेठेला हवे पिवळे बी. ही गाठ सोडवून ब्रिम व रॉस यांनी 'पिकेट' हा पहिला प्रतिकारक्षम वाण १९६६ मध्ये प्रसारित केला. दक्षिणेतील सोयाबीन वाणांना यादवी युद्धातील सेनानींची नावे देण्याचा प्रघात होता : ली, जॅक्सन, ब्रॅग, पिकेट, फॉरेस्ट. गेटिसबर्गच्या रणांगणावरील फसलेल्या चढाईसाठी स्मरणात राहिलेल्या सेनानीचे नाव या वाणाला मिळावे, हा योगायोगच.

कारण इशारा आधीच मिळालेला होता. त्याच रॉस यांनी १९६२ मध्ये, पिकेट प्रसारित होण्याच्या चार वर्षे आधी, वेगवेगळ्या ठिकाणचे कृमी एकाच वाणावर वेगवेगळ्या प्रमाणात वाढतात, असे प्रसिद्ध केले होते. १९७० मध्ये गोल्डन, एप्स, रिग्ज आदी संशोधकांनी कृमीचे चार प्रभेद निश्चित केले. पिकेट, पेकिंग आणि आणखी दोन नमुन्यांवर कृमी वाढतो की नाही, यावरून प्रभेद ठरवला जाई. रिग्ज व श्मिट यांनी १९८८ मध्ये ही संख्या सोळापर्यंत नेली. नावे वाढत गेली तरी सांगणे एकच होते : प्रतिकारक्षम वाण ही तात्पुरती उसंत आहे.

एडगर हार्टविग आणि एप्स यांनी तयार केलेल्या 'फॉरेस्ट' या वाणाने १९७३ नंतर जी कामगिरी केली, तिच्यापुढे हे सांगणे फिके पडले असल्यास नवल नाही. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सरकारी अभ्यासानुसार १९७५ ते १९८० या सहा वर्षांत या एका वाणाने सुमारे ४० कोटी ५० लाख डॉलरचे संभाव्य नुकसान टाळले. तो विकसित करण्याचा खर्च दहा लाख डॉलरपेक्षा कमी होता. कृषी संशोधनावरील खर्चाचे समर्थन करताना हे उदाहरण आजही दिले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र याच काळात टेनेसी व आसपासच्या भागांत पेकिंगच्या प्रतिकाराला न जुमानणारे कृमी वाढले आणि १९७८ मध्ये पीआय ८८७८८ पासून प्रतिकार घेतलेला 'बेडफर्ड' हा वाण आणावा लागला.

धुरीचा मार्ग

प्रतिकारक्षम वाणांच्या समांतर रसायनांचा इतिहास चालू होता. हवाईतील अननसाच्या मळ्यांवर वॉल्टर कार्टर यांनी १९४३ मध्ये डी-डी या मिश्रणाचा प्रभाव दाखवल्यानंतर जमिनीत धुरी देण्याचे तंत्र स्वस्त झाले. १९५५ पासून डायब्रोमोक्लोरोप्रोपेन, म्हणजे डीबीसीपी, बाजारात आले. उभ्या पिकाजवळही ते वापरता येत असल्याने त्याचा झपाट्याने प्रसार झाला. नेमॅगॉन आणि फ्युमॅझोन ही त्याची व्यापारी नावे. दक्षिणेतील सोयाबीनच्या शेतांतही ते वापरले गेले.

१९६१ मध्ये उत्पादक कंपन्यांच्याच पुढाकाराने झालेला एक विषशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. या रसायनाच्या संपर्कामुळे प्रयोगातील प्राण्यांचे वृषण आक्रसतात, असे त्यात नमूद होते. सोळा वर्षांनी, १९७७ मध्ये, कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथील कारखान्यात हे रसायन हाताळणाऱ्या कामगारांनी आपसांतील बोलण्यातून ताडले की त्यांच्यापैकी कोणालाच अपत्य होत नाही. तपासणीत अनेकांच्या वीर्यात शुक्राणू नसल्याचे वा अत्यल्प असल्याचे निष्पन्न झाले. त्यानंतर वापर स्थगित झाला आणि १९७९ मध्ये हवाईतील अननसाचा अपवाद वगळता देशभर बंद झाला. १९६१ चा निबंध ग्रंथालयांत उपलब्ध होता. ज्यांना तो वाचता येत होता ते आणि ज्यांचे शरीर त्याने धोक्यात आले ते, अशी दोन वेगळी माणसे होती. १९६२ चा रॉस यांचा निबंध आणि शेतकरी यांच्यातील अंतरही याच जातीचे आहे. फक्त तेथे पणाला लागले होते ते पीक.

डीबीसीपीनंतर १९८३ मध्ये एथिलीन डायब्रोमाइडचा जमिनीतील वापर बंद झाला. मग भर आला तो अल्डिकार्बसारख्या दाणेदार कीटकनाशकांवर. अल्डिकार्बचे व्यापारी नाव टेमिक. युनियन कार्बाइडच्या भोपाळ येथील कारखान्यात मिथाइल आयसोसायनेटपासून मुख्यत्वे सेव्हिन तयार होत असे, तसेच टेमिकही. डिसेंबर १९८४ च्या दुर्घटनेचा संबंध सोयाबीनच्या सूत्रकृमींशी जोडणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु सूत्रकृमिनाशकांचा इतिहास शेताच्या बांधाशी थांबत नाही, तो कारखान्याच्या आसपासच्या वस्तीपर्यंत जातो, एवढे त्यावरून निश्चित दिसते. २०१० मध्ये अमेरिकेत अल्डिकार्बचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा करार झाला.

एकाच क्रमांकावर विसंबून

रसायने मागे पडत गेली, तसा सारा भार प्रतिकारक्षम वाणांवर आला. १९७८ मध्ये आयोवा राज्यात कृमी आढळला आणि अमेरिकेच्या सोयाबीन-मका पट्ट्याच्या मध्यभागी तो पोहोचल्याचे सिद्ध झाले. १९८१ मध्ये इलिनॉयमधून आलेल्या 'फायेट' या वाणाने पीआय ८८७८८ चा प्रतिकार उत्तरेकडील हवामानाला जुळवून दिला. पुढील काळात खासगी बियाणे कंपन्यांनी याच कुळाचा वापर सुरू ठेवला. परिणामी मध्य-पश्चिमेतील प्रतिकारक्षम वाणांपैकी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक वाणांचा प्रतिकार या एकाच नमुन्यातून आलेला, अशी स्थिती निर्माण झाली आणि ती दशकानुदशके टिकली.

पेकिंगच्या बाबतीत काय घडले हे ताजे असताना असे का व्हावे? एक कारण जनुकांच्या रचनेत सापडते. २०१२ मध्ये दोन महत्त्वाचे शोधनिबंध आले. कुक व सहकाऱ्यांनी दाखवले की 'आरएचजी-१' या ठिकाणी सुमारे ३१ हजार घटकांचा एक जनुकीय तुकडा असतो. बळी पडणाऱ्या वाणात त्याची एक प्रत, पेकिंगमध्ये तीन, तर पीआय ८८७८८ मध्ये दहा प्रती आढळतात. लिऊ व सहकाऱ्यांनी पेकिंगमधील 'आरएचजी-४' या दुसऱ्या जनुकाचे स्वरूप उलगडले. पीआय ८८७८८ मध्ये प्रतींची संख्या मोठी असल्याने मुख्यतः एका ठिकाणच्या जनुकांवर काम भागते. पेकिंगला दोन्ही ठिकाणे हवीत. संकरकाराच्या दृष्टीने एक ठिकाण सांभाळणे दोन सांभाळण्यापेक्षा अर्थातच सोपे. ही बाब १९८० च्या दशकात रेणूंच्या भाषेत ठाऊक नव्हती, पण प्रक्षेत्रावरील अनुभवाने पहिला मार्ग सुलभ ठरला होता.

दुसरे कारण आर्थिक आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत सुमारे १ कोटी ७० लाख एकरांवरील सोयाबीन काढले गेले. १९७९ मध्ये हे क्षेत्र ७ कोटी एकरांवर गेले. १९७३ मध्ये भाव इतके कडाडले की निर्यातीवर काही काळ बंदी घालावी लागली. अशा वेळी कृमीचे यजमान नसलेले पीक दोन-तीन वर्षे घेण्याचा सल्ला कोण ऐकणार? १९७० च्या वनस्पती वाण संरक्षण कायद्यानंतर सोयाबीनची पैदास विद्यापीठांकडून हळूहळू कंपन्यांकडे सरकली. बियाण्याच्या पिशवीवर 'प्रतिकारक्षम' एवढा एक शब्द पुरेसा ठरला; प्रतिकार कोणत्या कुळाचा, हे सहसा लिहिलेले नसे. शेतकरी दरवर्षी वाण बदलत होता आणि आपण फेरपालट करतो आहोत, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत होते. प्रत्यक्षात नाव बदलत होते, कूळ तेच राहत होते. या संपूर्ण इतिहासात प्रस्तुत लेखकास सर्वाधिक खटकणारी बाब हीच आहे. येथे शेतकऱ्याचे अज्ञान नव्हते. त्याच्यापर्यंत पोहोचणारी माहितीच नेमक्या जागी तुटलेली होती.

याउलट घडू शकले असते, याचा पुरावाही आहे. सोव्हिएत संघातील संग्रहाकडून मिळालेला, मूळचा चीनमधील 'पीआय ४३७६५४' हा नमुना कृमीच्या बहुतेक प्रभेदांना प्रतिकार करतो. त्यापासून मिसूरीत आनंद यांनी 'हार्टविग' हा वाण तयार केला. १९९२ मध्ये त्याची नोंदणी झाली. परंतु या कुळाचा प्रतिकार आणि भरघोस उतारा एकत्र आणणे किचकट असल्याने बाजारपेठेत त्याचा वाटा अल्पच राहिला. आयोवात २००१ ते २०१५ या पंधरा वर्षांच्या प्रक्षेत्र-प्रयोगांचे निष्कर्ष टायल्का व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केले : पीआय ८८७८८ च्या कुळातील वाणांवर कृमींचे प्रजनन वाढत गेले आणि त्याबरोबर त्या वाणांचा उतारा घटत गेला. १९६२ चा इशारा दुसऱ्यांदा खरा ठरला. २०१८ मध्ये विद्यापीठे, शेतकरी संघटना व कंपन्या यांनी एकत्र येऊन शेतकऱ्यांना माती तपासून अंड्यांची संख्या जाणून घेण्याचे आणि प्रतिकाराचे कूळ बदलण्याचे आवाहन करणारी मोहीम नव्याने सुरू केली.

भारतीय संदर्भ

भारतात भट किंवा काळी तूर या नावांनी ओळखले जाणारे काळे सोयाबीन हिमालयाच्या पायथ्याशी व मध्य भारतात फार पूर्वीपासून होते. पिवळ्या सोयाबीनचा आधुनिक प्रसार मात्र १९६० च्या दशकात पंतनगर व जबलपूर येथील कृषी विद्यापीठांनी इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने केला. त्या वेळी आणलेल्या अमेरिकी वाणांत ब्रॅग प्रमुख होता. याच ब्रॅगचा 'डायर' या वाणाशी संकर होऊन अमेरिकेत फॉरेस्ट निर्माण झाला. म्हणजे आपले आरंभीचे सोयाबीन आणि तिकडचा तो नामवंत वाण एकाच घरातले. ब्रॅगमध्ये मूळगाठी सूत्रकृमीला प्रतिकार करण्याचा गुण होता, पुटी-सूत्रकृमीला नव्हे.

भारतीय सोयाबीनमध्ये चर्चा होते ती प्रामुख्याने मूळगाठी व वृक्काकार सूत्रकृमींची. त्यामुळे अमेरिकी अनुभव येथे जसाच्या तसा लागू करता येत नाही. तरीही एक साम्य नजरेआड करण्याजोगे नाही. जबलपूरहून १९९४ मध्ये आलेल्या जेएस ३३५ या एका वाणाने विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीनचे क्षेत्र दीर्घकाळ व्यापले. त्यानंतर परभणी व राहुरी येथील विद्यापीठांचे वाण शेतात आले आणि चित्र काहीसे बदलले. शिवाय आपल्याकडे सोयाबीनच्या ओळींत तुरीचे आंतरपीक घेण्याची पद्धत रूढ आहे. तुरीवर स्वतःचा पुटी-सूत्रकृमी आहे, पी. के. कोशी यांनी १९६७ मध्ये हेटेरोडेरा कजानी या नावाने त्याचे वर्णन केले. मूळगाठी सूत्रकृमीला तर सोयाबीन, तूर, भाजीपाला असे बहुतेक सारेच चालते. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतल्यावर फेरपालटीचा जो धागा तुटला, त्याचा जमिनीखालील परिणाम जिल्हावार मोजणे हे कृषी महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज पेलण्याजोगे काम आहे.

त्याची सुरुवात प्रयोगशाळेविनाही होऊ शकते. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी रोप ओढून न काढता खुरप्याने अलगद मातीसह उचलावे आणि मुळे पाण्यात हलक्या हाताने धुवावीत. नत्राची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, बोटाने सुटते आणि फोडल्यास आत गुलाबी दिसते. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, कारण तेथे मूळच फुगलेले असते.